जांभळाच्या झाडाखालचा माणूस

२००१ साली सब टीव्हीवर 'ऑफिस ऑफिस' ही मालिका सुरू झाली तेव्हा मी शाळेत जात होते. अब्बा यंत्रमागाच्या पाळीवरून आले की हातपाय धुऊन टीव्हीसमोर बसत. पंकज कपूर यांचा मुसद्दीलाल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे ढकलला जाऊ लागला की अब्बा मांडीवर थाप मारून हसत. त्याच सुमारास आमच्या रेशनकार्डावर अब्बांच्या नावातले एक अक्षर चुकले होते. ते दुरुस्त करून घेण्यासाठी ते एका कार्यालयात पाच महिने खेटे घालत होते. गेले की पाळी बुडायची, पाळी बुडाली की मजुरी बुडायची. एकदा अम्मी चिडून म्हणाली, "दिवसा तिथं रडून येता आणि रात्री त्याच गोष्टीवर हसता!" अब्बा म्हणाले, "हसू तरी फुकट आहे."

आज मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. अब्बांचे ते वाक्य मला खूप दिवस पटत होते. आता पटत नाही. हसू फुकट नसते. आपण कशावर हसतो, कोणाबरोबर हसतो आणि हसून झाल्यावर आपल्या मनात कोणते मत शिल्लक राहते, याचा हिशेब कधीतरी मांडायला हवा. दूरदर्शनवरच्या आणि इतर वाहिन्यांवरच्या राजकीय विनोदाची समीक्षा आपल्याकडे फारशी होत नाही. 'टाइमपास' म्हणून आपण तो सोडून देतो. पण माणसाची राजकीय मते अग्रलेखांपेक्षा अशा विनोदातून अधिक सहजपणे घडतात, असे माझे निरीक्षण आहे. अग्रलेख वाचताना आपण सावध असतो. हसताना नसतो.

ही समीक्षा करायची तर हाताशी एक मोजपट्टी हवी. ती मला उर्दूच्या तासाला सापडली. कृष्ण चंदर यांची 'जामुन का पेड़' ही कथा बहुतेकांनी वाचली असेल. वादळात सचिवालयाच्या हिरवळीवरचे जांभळाचे झाड पडते आणि त्याखाली एक माणूस दबतो. सकाळी माळी ते पाहतो. माणूस जिवंत आहे. पंधरा-वीस जणांनी जोर लावला तर झाड बाजूला होईल. पण झाड कोणत्या खात्याचे, हा प्रश्न निघतो आणि फाईल फिरू लागते. शेतीखाते, बागखाते, आरोग्यखाते, दबलेला माणूस शायर निघाल्यावर सांस्कृतिक खाते, आणि झाड परदेशी पंतप्रधानांच्या हातचे निघाल्यावर परराष्ट्रखाते. शेवटी मंजुरी येते तेव्हा माणसाची फाईल कायमची बंद झालेली असते.

या कथेत दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली ही, की दबलेला माणूस कथेच्या मध्यभागी आहे. फाईल कुठेही गेली तरी लेखक आपल्याला पुन्हा पुन्हा त्या झाडाजवळ आणतो. दुसरी गोष्ट सहज नजरेतून सुटते. त्या माणसाला खाऊ घालणारा, धीर देणारा माळीसुद्धा सरकारी नोकरच आहे. झाड उचलायला तयार असलेले हात त्याच इमारतीतले आहेत. म्हणजे कृष्ण चंदर यांचा राग सरकार नावाच्या वस्तूवर नाही. आपले काम न करणाऱ्या, आणि करू पाहणाऱ्याला थांबवणाऱ्या सरकारवर आहे. कथा वाचून कोणी असे म्हणत नाही की सचिवालय विकून टाका. वाचक म्हणतो, अरे, झाड उचला!

माझी मोजपट्टी एवढीच आहे. राजकीय विनोदात झाडाखालचा माणूस दिसतो का? आणि हसून झाल्यावर आपण 'झाड उचला' म्हणतो, की 'हे असेच चालायचे' म्हणतो?

ही मोजपट्टी आधी जगातल्या सर्वांत नावाजलेल्या राजकीय विनोदी मालिकेला लावून पाहू. 'येस मिनिस्टर' ही मालिका बीबीसीवर १९८० साली सुरू झाली आणि १९८४ पर्यंत चालली. तिचाच पुढचा भाग 'येस, प्राइम मिनिस्टर' १९८६ ते १९८८ या काळात आला. अँटनी जे आणि जोनाथन लिन हे दोघे लेखक. मंत्री जिम हॅकर यांच्या भूमिकेत पॉल एडिंग्टन, सचिव सर हम्फ्रे यांच्या भूमिकेत नायजेल हॉथॉर्न. मंत्री काही करू पाहतो आणि सचिव गोड, लांबलचक, समजू नये अशा वाक्यांनी ते होऊ देत नाही, हा सगळ्या भागांचा गाभा. लेखन अप्रतिम आहे. मी स्वतः हे भाग पाहताना पोट धरून हसले आहे. हॅकर कोणत्या पक्षाचे, हे मालिका कधीच सांगत नाही, त्यामुळे सगळ्या पक्षांचे लोक तिच्यावर खूष होते.

पण पक्ष नसला म्हणजे राजकारण नसते, असे नाही. मार्गारेट थॅचर यांना ही मालिका अतिशय आवडत असे. जानेवारी १९८४ मध्ये एका पुरस्कार समारंभात त्यांनी या दोन नटांबरोबर चक्क एक छोटे प्रहसन सादर केले. त्यात पंतप्रधान अर्थतज्ज्ञांनाच रद्द करायला सांगतात, असा विनोद होता. गंमत अशी की मालिकेच्या मुळाशी अर्थतज्ज्ञांचाच एक सिद्धान्त होता. अमेरिकेत जेम्स ब्यूकॅनन आणि गॉर्डन टलक यांनी 'पब्लिक चॉइस' नावाची विचारसरणी मांडली. १९६२ सालचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध आहे. ब्यूकॅनन यांना १९८६ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सोप्या भाषेत सांगायचे तर या विचाराप्रमाणे मंत्री काय नि अधिकारी काय, बाजारातल्या दुकानदारासारखाच आपला फायदा पाहतो. लोकसेवा, जनहित हे शब्द म्हणजे पडदा. आपल्या मालिकेवर या विचाराचा प्रभाव होता, हे अँटनी जे यांनी २००७ साली अ‍ॅडम कर्टिस यांच्या 'द ट्रॅप' या माहितीपटात मोकळेपणाने मान्य केले. बाजारवादी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांची 'फ्री टू चूज' ही मालिका १९८० साली आली. तिच्या निर्मितीतही जे यांच्या कंपनीचा सहभाग होता. सहलेखक लिन यांची मते वेगळी होती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण मालिकेचा कणा जे यांच्या बाजूला झुकलेला आहे.

तो कसा झुकतो, ते दोन भागांत पाहू. १९८१ सालच्या एका भागात एक नवे इस्पितळ आहे. पाचशे कारकून-कर्मचारी आहेत, रुग्ण एकही नाही. सर हम्फ्रे ते किती उत्तम चालले आहे हे पटवून देतात. प्रसंग विलक्षण विनोदी आहे. पण कुठल्यातरी दुसऱ्या इस्पितळाच्या रांगेत खाट मिळण्याची वाट पाहणारा आजारी माणूस या विनोदाच्या मध्यभागी येत नाही. तो आला असता तर प्रेक्षक म्हणाला असता, 'डॉक्टर आणा.' तो नसल्यामुळे प्रेक्षक म्हणतो, 'सरकारी इस्पितळ म्हणजे पैशाची नासाडी.'

दुसरा भाग जानेवारी १९८८ चा, आणि शिक्षिका म्हणून तो माझ्या जिव्हारी लागणारा आहे. पंतप्रधान झालेल्या हॅकर यांच्यापुढे एक कल्पना येते. पालकांनी शाळा निवडावी, विद्यार्थी जाईल तिकडे पैसा जावा, आणि मग शिक्षणखात्याची गरजच काय, ते बंद करावे. सर हम्फ्रे हादरतात. मालिकेत जो सुधारणा सुचवतो तो शहाणा वाटतो आणि जो खाते वाचवतो तो मतलबी. प्रेक्षकाचे हसू आपोआप खाते बंद करण्याच्या बाजूला जाते. विद्यार्थ्यामागे पैसा जावा, ही कल्पना फ्रीडमन यांनी १९५५ सालीच मांडली होती. ब्रिटनमध्ये १९८८ सालीच नवा शिक्षण कायदा होऊन पालकांची निवड आणि शाळाशाळांतली चढाओढ यांना वाव मिळाला. मालिकेमुळे कायदा झाला असे मी म्हणत नाही. दोन्ही एकाच हवेत वाढले, एवढेच म्हणते. आणि विसंगती पाहा. जनतेच्या पैशावर चालणारी कोणतीही संस्था जनतेचे भले करत नाही, असे सुचवणारी ही अव्वल दर्जाची मालिका जनतेच्या पैशावर चालणाऱ्या बीबीसीनेच काढली होती!

हीच मालिका २००१ साली 'जी मंत्रीजी' नावाने हिंदीत स्टार प्लसवर आली. मंत्री सूर्यप्रकाश सिंह झाले होते आपले फारूक शेख, सचिव माथुर झाले होते जयंत कृपलानी. फारूक साहेबांच्या अभिनयात एक निरागसपणा आहे. तो त्या गोंधळलेल्या मंत्र्याला शोभून दिसतो. तरीही ही मालिका पाहताना मला वारंवार 'गर्म हवा' आठवत राहते. १९७३ सालच्या त्या चित्रपटात फारूक शेख सिकंदर मिर्झा होते. शिकलेला, नोकरीसाठी वणवण करणारा तरुण. शेवटी तो आपल्या वडिलांसह हक्क मागणाऱ्यांच्या मोर्चात सामील होतो. अठ्ठावीस वर्षांनी तोच नट मंत्र्याच्या खोलीत होता, आणि त्या खोलीच्या खिडकीतून मोर्चा दिसत नव्हता. ही नटाची चूक नाही. ब्रिटनहून आणलेल्या साच्यात मोर्च्याला जागाच नव्हती. आपल्या देशात मंत्र्याच्या दारी दररोज अर्ज घेऊन माणसे उभी असतात. ती वगळली की भारताचे सचिवालय उरत नाही, फक्त भाषांतर उरते.

या दोन्हींच्या मानाने 'ऑफिस ऑफिस'मध्ये झाडाखालचा माणूस ठसठशीत आहे. त्याचे नावच पाहा. मुसद्दी हा शब्द अरबी 'मुतसद्दी'वरून आला. दप्तराचा कारभार पाहणारा तो मुतसद्दी. मराठीत तोच शब्द 'मुत्सद्दी' होऊन दरबारात चढला, हिंदीत मात्र कारकुनाच्या गादीवरच राहिला. दप्तराचे नाव धारण करणारा हा माणूस दप्तरापुढे हात जोडून उभा असतो. या मालिकेची दुसरी करामत म्हणजे तेच चेहरे. खाते कोणतेही असो, खुर्च्यांवर तेच पाचजण. भाटिया, शुक्ला, पटेल, पांडे आणि उषाजी. प्रत्येकाची लकब ठरलेली. शुक्लांचे पान, भाटियांचे खाणे, पटेलांचे 'दो बातें'. नागरिकाला सगळी कार्यालये सारखीच दिसतात, हे सांगण्याची ही फार बोलकी युक्ती आहे.

पण याच युक्तीत मालिकेची मर्यादाही आहे. खाते बदलले तरी माणसे तीच, म्हणजे दोष नियमाचा नाही, रचनेचा नाही, पगाराचा नाही, रिकाम्या पदांचा नाही. दोष जणू त्या मंडळींच्या रक्तातच आहे. आठवड्यामागून आठवडे हे पाहिले की सरकारी कार्यालय ही सुधारण्याची गोष्ट वाटत नाही, पावसाळ्यासारखी सहन करण्याची गोष्ट वाटते. आणि इथे माळी नाही. आमच्या अब्बांना मात्र तो भेटला होता. पाच महिन्यांनी त्या कार्यालयात एक वयस्कर कारकून बदलून आले. त्यांनी जुनी नोंदवही काढली, अक्षर तपासले, शिक्का मारला. दहा मिनिटांचे काम होते. चहासुद्धा घेतला नाही. अब्बा पुढे कित्येक वर्षे त्यांचे नाव घेऊन दुआ देत. अशा माणसाला विनोदी मालिकेत जागा नसते, कारण त्याच्यावर हसता येत नाही. पण तो दिसला नाही तर 'दहा मिनिटांचे काम पाच महिने का रखडले' हा खरा राजकीय प्रश्नही पडत नाही.

जसपाल भट्टी यांचा 'फ्लॉप शो' आठवतो तो यामुळेच. १९८९ साली दूरदर्शनवर त्याचे अवघे दहा भाग झाले. म्हणजे सरकारी वाहिनीवरच सरकारी कारभाराची खिल्ली. पण भट्टींची नजर केवळ सरकारी खुर्चीवर नव्हती. ठेकेदार होता, डॉक्टर होता, विद्यार्थ्याला घरगड्यासारखे राबवणारा पीएच.डी.चा मार्गदर्शक होता. भट्टी बऱ्याचदा स्वतःच त्या दोषी माणसाच्या भूमिकेत शिरत. लाच घेणारा हात दिसतो तसा देणाराही हात दिसला पाहिजे, आणि कधीकधी तो हात आपलाच असतो, हे त्यांचे म्हणणे होते. त्या मार्गदर्शकाचा भाग पाहून आम्हा शिक्षकांनाही हसता-हसता मान खाली घालावी लागते. २०१२ साली अपघाती मृत्यूने भट्टी गेले. दहा भागांची ती मालिका अजूनही टिकून आहे, कारण तिने प्रेक्षकाला निर्दोष ठरवले नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. या चर्चेशी आपला, म्हणजे मराठी मुसलमान वाचकांचा, संबंध काय?

पुन्हा 'ऑफिस ऑफिस'च्या त्या पाच नावांकडे पाहा. त्यांत एकही मुसलमान नाही. चला, भ्रष्ट म्हणून तरी आपल्याला दाखवले नाही, असे म्हणून काहीजण समाधान मानतील. मला तसे वाटत नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये संसदेपुढे आलेल्या सच्चर समितीच्या अहवालाने आकडे दिले. २००१ च्या जनगणनेत लोकसंख्येत मुसलमान १३.४ टक्के, आणि आयएएसमध्ये ३ टक्के, परराष्ट्र सेवेत १.८ टक्के, पोलीस सेवेत ४ टक्के, रेल्वेत ४.५ टक्के. म्हणजे विनोदी कार्यालयात आपण नाही, कारण खऱ्या कार्यालयातही आपण जवळजवळ नाही. टेबलाच्या त्या बाजूला आपण अपवादाने असतो, या बाजूला मात्र रांगेत कायम असतो.

आणि ज्याला रांगेत उभे राहावे लागते त्याला कार्यालय लागते. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला सरकारी इस्पितळ नसले तरी चालते, सरकारी शाळा नसली तरी चालते. त्याला सरकारवर मनसोक्त हसून पाठ फिरवता येते. आमच्या मोहल्ल्याला ती चैन परवडत नाही. माझ्या वर्गातल्या मुलींचे पालक यंत्रमागावर, हातगाडीवर, शिलाईवर पोट भरतात. पालिकेची आणि अनुदानित उर्दू शाळा नसती तर यांतल्या निम्म्या मुली घरी बसल्या असत्या, हे मी रोज डोळ्यांनी पाहते. 'पालकांनी शाळा निवडावी' हे ऐकायला गोड आहे. पण जिथे एकच उर्दू शाळा आहे आणि पुढची बसच्या अंतरावर आहे, तिथे निवडायचे काय? आपण जर हसत-हसत 'सरकारी ते सगळे भिकार' हे मत गिळले, तर उद्या वर्ग बंद होताना, शिक्षकाचे पद रिकामे राहताना आपल्या तोंडून शब्द फुटणार नाही. जे भिकार आहे असे आपणच मान्य केले, ते वाचवायला आपण कुठल्या तोंडाने जाणार?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. विनोदकाराने कार्यक्रमपत्रिका द्यावी का? लाचखोरी खरी आहे, मग ती दाखवायची नाही का? जरूर दाखवावी. सत्तेला न हसणारा समाज आजारी असतो. विनोदाला उपाय सांगण्याची सक्ती नसावी. कृष्ण चंदर यांनीही उपाय सांगितला नाही. त्यांनी फक्त माणूस नजरेआड होऊ दिला नाही. एवढ्यानेच त्या कथेला धार आली. ती धार बोथट झालेली नाही, याचाही पुरावा आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये आयसीएसई परीक्षा घेणाऱ्या मंडळाने दहावीच्या हिंदी अभ्यासक्रमातून हीच कथा काढून टाकली. निरुपद्रवी विनोद कोणी काढून टाकत नाही.

शिवाय उपाय दुसरीकडून येतो. आपल्याच महाराष्ट्रात २००२ चा आणि देशात २००५ चा माहितीचा अधिकार कायदा झाला. तो कार्यालय बंद करा म्हणणाऱ्यांनी आणला नाही. फाईल आम्हालाही दाखवा म्हणणाऱ्यांनी आणला. राजस्थानातले मजूर, महाराष्ट्रातले कार्यकर्ते यांनी मुसद्दीलालची भूमिका नाकारली आणि टेबलावरचा कागद मागितला. कायद्यावर आज मर्यादा येत आहेत, अर्ज रेंगाळत आहेत, हे मला ठाऊक आहे. तरी दिशा तीच बरोबर आहे.

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात मी ही कथा वाचून दाखवली. परराष्ट्रखात्याचा भाग आला तेव्हा मुली इतक्या हसल्या की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. मी शेवटपर्यंत वाचले. वर्ग शांत झाला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी ती फारशी बोलत नाही. म्हणाली, "टीचर, माली रुका क्यूँ? इतने लोग तो थे ना?"

मी तिला पटकन उत्तर देऊ शकले नाही. तास संपल्याची घंटा झाली आणि मुली दप्तरे आवरू लागल्या. पण घरी जाताना वाटले, त्या दिवशीचे आमचे हसू वाया गेले नव्हते. हसून झाल्यावर एका मुलीला झाडाखालचा माणूस दिसत होता, आणि झाड उचलायला किती हात लागतील हे ती मोजत होती.